लग्नाचं औषध

या पुस्तकात मी बैलांवर लिहिलं, विहिरीवर लिहिलं, बहात्तरच्या दुष्काळावर लिहिलं. हे प्रकरण मात्र घालू नको, असं मला तिघांनी सांगितलं. तिघंही माझ्या भल्याचेच आहेत. एक म्हणाला, या वयात अब्रूला बट्टा कशाला? दुसरा म्हणाला, नातवंडं शाळेत जात्यात, त्यांचा तरी विचार कर. तिसरा काही बोलला नाही, नुसती मान हलवली. तिघांचं ऐकून घेतलं आणि लिहायला बसलो. कारण गप्प बसून मी एका बाईचं आयुष्य घालवलं आहे. परत गप्प बसलो असतो तर दुसरीचं गेलं असतं.

२०२३ ची दिवाळी. भाऊबीज होऊन दोन दिवस झाले असतील, थोरल्या आक्काच्या घरनं फोन आला. दाजी बोलत होते, "पाव्हणं, असाल तसं निघून या." मला वाटलं, कुणीतरी गेलं. मोटरसायकल काढली आणि तासाभरात पोचलो. आक्का चुलीपुढं डोळ्याला पदर लावून बसलेली. ओसरीवर दाजी, त्यांचे चुलतभाऊ आणि गावातले एक निवृत्त गुरुजी. कुणी गेलं नव्हतं. भाच्यानं लग्नाला नाही म्हटलं होतं.

भाचा एकोणतीस वर्षांचा. डिप्लोमा करून चाकणला कारखान्यात लागलेला. दाजींनी त्याच्यासाठी मुलगी बघून ठेवली होती. मुलगी बारावी झालेली, बापाला दोन एकर बागायत, माणसं साधी. पोरानं आधी नोकरीचं कारण सांगितलं, मग पगाराचं. शेवटी पाडव्याच्या रात्री आईजवळ बसला आणि म्हणाला, "आई, मला पोरीत मन न्हाई. खोलीवर माझ्यासंगं राहतोय, तोच माझा माणूस हाय." एवढं बोलून पहाटेच्या एस.टी.नं निघून गेला. भाऊबीजेलासुद्धा थांबला नाही.

ओसरीवर आता इलाज चालले होते. गुरुजी म्हणाले, हे मोबाइलचं खूळ आहे, शहरात पसरलंय. चुलतभाऊ म्हणाले, कुणीतरी बाहेरचं केलंय, आधी देवाला कौल लावू आणि मग एखादा चांगला डॉक्टर बघू. दाजींचा इलाज सगळ्यात सोपा होता, "मार्गशीर्षात बार उडवून टाकू. एकदा लगीन लागलं की सगळं आपोआप जातंय." मग माझ्याकडं वळून म्हणाले, "तुमचा शब्द तो मोडत न्हाई. मामा हायसा. पुण्याला जावा आणि त्याला सरळ करून आणा."

एकदा लगीन लागलं की सगळं जातंय. हे वाक्य मी पहिल्यांदा ऐकत नव्हतो. १९८५ साली माझ्या बापानं आमच्या ओसरीवर हेच वाक्य म्हटलं होतं. ते माझ्याबद्दल होतं.

ते आधी सांगतो.

१९८२ च्या जानेवारीत मुंबईच्या गिरण्यांचा संप सुरू झाला. डॉक्टर दत्ता सामंतांचा संप. सुमारे अडीच लाख माणूस बाहेर पडलं. संप मिटेना तशी आमच्या भागातली गिरणीतली माणसं वळकट्या घेऊन गावाकडं आली. त्यात आमच्या गावचा एकजण होता. गिरणीत साच्यावर काम करायचा. माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. त्याचं नाव लिहीत नाही, त्याचीही नातवंडं आहेत. त्यांचं रान आमच्या रानाला लागून होतं. लाईट रात्रीची यायची. दोघं मिळून उसाला पाणी पाजायचो, तो दाऱ्यावर आणि मी मोटरीपाशी.

माझं वय तेव्हा एकवीस. बरोबरीची पोरं जत्रेत पोरींकडं बघून एकमेकांना कोपरखळ्या मारायची. मला त्यातलं काही व्हायचं नाही. जे व्हायचं ते कुणाला सांगायची सोय नव्हती. मला वाटायचं, आपल्यात काहीतरी बिघाड आहे आणि सगळ्या जगात तो आपल्या एकट्यातच आहे. एका रात्री बांधावर बसून मी त्याला हे बोलून दाखवलं. तो हसला. म्हणाला, "येडा हायस का? मुंबईत आपल्यासारखी लय माणसं हायत."

'आपल्यासारखी' हा शब्द ऐकून मी रडलो. पुढं काय झालं ते लिहीत नाही. जीव जडला एवढंच लिहितो. ती दोन वर्षं मी जेवढा माणसात होतो, तेवढा पुन्हा कधी नव्हतो.

गावात असल्या गोष्टी झाकत नाहीत. कुजबूज झाली. त्याचं लग्न आधी लावलं, सासरा एकटा होता म्हणून तिकडंच शेती करायला पाठवलं. सहा महिन्यांनी माझं. बापानं मला एका शब्दानं विचारलं नाही. मुलीच्या बापालाही एका शब्दानं सांगितलं नाही. मांडव पडला, अक्षता पडल्या, मंडळी घरात आली. वय वर्षं एकोणीस.

पुढं एकदा बाजारच्या दिवशी एस.टी. स्टँडवर तो दिसला. हाताला नातू होता. "बरं हाय का?" म्हणाला. मी म्हणालो, "बरं हाय." त्याची गाडी लागली. पंचवीस वर्षांनी भेटलेली दोन माणसं एवढंच बोलली.

आणि मी भित्रा किती, तेही लिहितो. ६ सप्टेंबर २०१८ ला सुप्रीम कोर्टानं निकाल दिला की दोन जाणत्या माणसांनी राजीखुशीनं एकमेकांवर प्रेम केलं तर तो गुन्हा नाही. इंग्रजांनी १८६० च्या दंडसंहितेत घातलेलं ३७७ कलम. जन्मठेपेपर्यंत शिक्षा होती त्यात. दुसऱ्या दिवशी पेपर दूध डेअरीवर आला. एकानं बातमी मोठ्यानं वाचली, कुणीतरी घाणेरडा विनोद केला. सगळे हसले. सगळ्यात मोठ्यानं मी हसलो. किटली घेऊन घरी येताना पायात जीव नव्हता. ज्या दिवशी देशानं मला गुन्हेगारातनं मोकळं केलं, त्या दिवशी मी स्वतःवरच हसून आलो होतो.

असा माणूस भाच्याला सरळ करायला पुण्याला निघाला.

तिसऱ्या मजल्यावर दोन खोल्या. तो दुसरा मुलगा अकोल्याकडचा, बँकेत नोकरीला. मामा येणार म्हणून दोघांनी मटण केलं होतं. जेवण होईपर्यंत दोघंही धास्तावलेले, तोंडातनं शब्द नाही. जेवताना गॅस संपला आणि दोघांची जुंपली. "टाकी लावायला मी तुला सोमवारीच सांगितलं होतं." "सांगितलं न्हाईस, नुसतं पुटपुटलास." "तुला ऐकायचंच नसतं." मी भाकरी हातात धरून ऐकत राहिलो. हे भांडण माझ्या ओळखीचं होतं. असं भांडण जिथं संसार असतो तिथंच होतं. माझं आणि माझ्या बायकोचं असं भांडण उभ्या जन्मात झालं नव्हतं. आम्ही एकमेकांशी फार जपून वागलो. पाहुण्याशी वागतात तसं.

रात्री भाचा माझं अंथरूण घालायला आला. म्हणाला, "बोल मामा, काय बोलायला आलायस ते." घरनं पाठ करून आणलेलं सगळं मी विसरलो. म्हणालो, "मीबी तुझ्यासारखाच हाय." बासष्टाव्या वर्षी हे वाक्य माझ्या तोंडातनं पहिल्यांदा निघालं. पोरगा खाली बसला. बराच वेळ काही बोलला नाही. मला वाटलं, आता माझी कीव करील, नाहीतर गळ्यात पडेल. त्यानं फक्त एक प्रश्न विचारला, "मामीला ठाऊक हाय?"

ह्या प्रश्नानं मला घरी पाठवलं.

घरी आल्यावर दोन दिवस धीर झाला नाही. तिसऱ्या दिवशी गोठ्यात धारा काढताना तिला सांगितलं. तिनं हातातलं काम थांबवलं नाही. म्हणाली, "मला ठावं हुतं. नाव म्हाईत नव्हतं एवढंच." मी म्हणालो, "मी तुला कधी हात उगारला न्हाई, दारूला शिवलो न्हाई, काही कमी पडू दिलं न्हाई." ती म्हणाली, "बैलालाबी तुमी चांगलंच वागवता की." मग चरवी उचलून उठली आणि जाताना म्हणाली, "पोराचं लगीन लावू देऊ नगा. ती कुणाची तरी लेक असंल."

अडतीस वर्षं मी मनात स्वतःला वाईट माणूस म्हणत आलो होतो. कशासाठी, ते आज समजलं आणि चुकत होतो हेही समजलं. मी तसा आहे यात काही वाईट नव्हतं. ते माझ्या रंगासारखं, आवाजासारखं, देवानं दिलेलं. वाईट हे, की ते लपवण्यासाठी एका एकोणीस वर्षांच्या पोरीला मी मांडवात उभी केली. पहिल्याची लाज मी जन्मभर वाहिली, ती टाकून दिली. दुसऱ्याची लाज बाळगायला पाहिजे होती, ती आता बाळगतो.

पुढच्या आठवड्यात आक्काच्या ओसरीवर परत बैठक बसली. मी जे बोललो तेच इथं लिहितो. कारण ती ओसरी काही एकट्या दाजींची नाही. प्रत्येक गावात ती आहे.

गुरुजी, तुम्ही म्हणता मोबाइलचं खूळ. १९८२ साली आमच्या गावात फोन एकच होता, पोस्टातला, तोही निम्मा वेळ बंद. मला हे खूळ कुठल्या तारेतनं आलं? त्याच्या आदल्या वर्षी विजय तेंडुलकरांचं 'मित्राची गोष्ट' हे बाईवर जीव लावणाऱ्या बाईचं नाटक मराठी रंगमंचावर आलं होतं. त्याच्याही आधी र. धों. कर्वे 'समाजस्वास्थ्य' मासिकात वाचकांच्या चोरट्या शंकांना उघड उत्तरं देत होते. त्यावरनं खटला झाला तेव्हा १९३४ साली कोर्टात त्यांची बाजू मांडायला डॉक्टर बाबासाहेब आंबेडकर उभे राहिले. हे प्रश्न मराठी माणसाला तेव्हापासून आहेत. नवं एवढंच, की आता पोरं खोटं बोलायला तयार नाहीत.

कुणी म्हणतं, निसर्गाच्या विरुद्ध आहे. शेतकऱ्यानं तरी हे म्हणू नये. गाय माजावर आली हे आपण कशावरनं ओळखतो? ती दुसऱ्या गाईवर चढते त्यावरनं. पपईची गावठी रोपं लावली तर काही नर निघतात, काही मादी निघतात, काहींच्या एकाच फुलात दोन्ही असतं. आणि नराच्या झाडाला कधीमधी फळ लागलेलंही आपण बघतो. जनावरावरनं आणि झाडावरनं माणसाचा न्याय करू नये हे मलाही कळतं. पण निसर्गाचं नाव तुम्ही आधी काढलंत. काढलंत तर निसर्ग नीट बघून तरी काढा.

कुणी डॉक्टर सुचवतं. जागतिक आरोग्य संघटनेनं १७ मे १९९० ला हे रोगांच्या यादीतनं काढून टाकलं. २०२२ साली आपल्या देशाच्या वैद्यकीय आयोगानं सांगितलं की असल्या माणसाला 'बदलण्याचा' इलाज करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे. म्हणजे पोराला घेऊन जाल तर दोषी पोरगा ठरत नाही, इलाज करणारा ठरतो. रोग नसलेल्या पिकावर औषध मारलं की काय होतं? पीक जळतं. भाच्यानं मला बिंदुमाधव खिऱ्यांची मराठी पुस्तकं दिली. पुण्यात २००२ साली त्यांनी समपथिक संस्था याच कामासाठी काढली. ज्याला शंका असेल त्यानं अंगारा आणण्याआधी ती वाचावीत. माझ्यासारख्या दहावीवाल्याला समजली, गुरुजींना समजायला हरकत नाही.

आणि गावाला असली माणसं ठाऊक नाहीत असं कुणी सांगू नये. यल्लम्माचा जोगता दारात आला की बाया त्याच्या पाया पडतात. तमाशातल्या नाच्यावर शिट्ट्या मारायला सगळं गाव जातं. जोगत्याचं दुखणं आणि माझं एकच आहे असं मी म्हणत नाही, वेगवेगळं आहे. पण गावानं आम्हा सगळ्यांना एकाच दावणीला बांधलं आणि दोनच जागा ठेवल्या. एक पाया पडायची, दुसरी हसायची. साधी नोकरी करणारा, ऊस लावणारा, सोसायटीचं कर्ज भरणारा माणूस तसा असू शकतो, ही तिसरी जागा गावानं ठेवलीच नाही. म्हणून मग तो लग्न करतो आणि लपतो.

पोरींचं तर विचारूच नका. पोरगा निदान एस.टी.त बसून पुण्याला जाऊ शकला. ज्या पोरीचा जीव पोरीवर आहे तिला 'तुझ्या मनात काय हाय' एवढंसुद्धा कुणी विचारत नाही. विसाव्या वर्षी उजवली की बाप सुटला. ती सुटली का, हे बघायला कोण जातं?

आता शेवटचं औषध, लग्न. दाजी, हे औषध मी घेतलंय. अडतीस वर्षं घेतलंय. माझ्याएवढा अनुभवी माणूस तुम्हाला मिळायचा नाही. यानं काही जात नाही. फक्त दुखणं एकाच्या अंगातनं दोघांच्या अंगात जातं. पोरं होतात, होय. मलाही दोन आहेत. पोरं झाली म्हणजे संसार झाला असं नाही. जिला तुम्ही आणणार ती रात्री भिंतीकडं तोंड करून पडेल आणि माझंच काहीतरी कमी असंल म्हणून उपासतापास धरेल. माझ्या बायकोनं सोळा सोमवार केले होते. ते कशासाठी केले, हे मला गेल्या आठवड्यात समजलं. तुमच्या अब्रूसाठी दुसऱ्याची लेक जाळू नका. वांझोट्या म्हशीचं गाभण म्हणून पैसे घेतले तर बाजारात आपण त्याला लबाड म्हणतो. आणि मांडवात असला व्यवहार केला तर त्याला जबाबदारी म्हणतो.

मी बोलायचा थांबलो तेव्हा ओसरीवर कुणी मान वर करून बघत नव्हतं. दाजी एवढंच म्हणाले, "आमच्या ओसरीवर असलं बोलायला लाज वाटली न्हाई?" मी म्हणालो, "आजवर बोललो न्हाई त्याची वाटती." चप्पल घातली आणि निघालो.

मार्गशीर्षातला बार उडाला नाही. दाजी अजून माझ्याशी बोलत नाहीत. भावकीतल्या दोन घरांनी आमच्याकडं येणं बंद केलं. माझा थोरला मुलगा सहा महिने माझ्याशी कामापुरतंच बोलत होता, आता थोडं जास्त बोलतो. आक्का फाल्गुनात चटणीचा डबा घेऊन पुण्याला गेली. दाजींना सांगून गेली नाही. परत आल्यावर मला फोनवर म्हणाली, "ते अकोल्याचं पोरगं लय तिखट खातंय." त्यापलीकडं काही बोलली नाही. तेवढं पुरे.

दोघांचं पुढं सगळं सोपं आहे असं मात्र समजू नये. १७ ऑक्टोबर २०२३ ला, म्हणजे त्या दिवाळीच्या आधी महिनाभर, सुप्रीम कोर्टानं सांगितलं की असल्या जोडप्याच्या लग्नाला मान्यता देणं हे संसदेचं काम आहे. म्हणजे गुन्हा नाही, पण नातंही नाही. शेतकऱ्याला यातला अर्थ लगेच समजतो. उद्या एक गेला तर वारसात दुसऱ्याचं नाव लागत नाही. मृत्युपत्र करून ठेवलं तर ठीक, नाहीतर दहा वर्षं एका ताटात जेवलेला माणूस परका आणि कधी तोंड न दाखवलेला चुलता हक्काचा. मी दोघांना मृत्युपत्र करायला लावलं. मामा म्हणून एवढं तरी करता आलं.

त्या मुलीचं गेल्या वर्षी दुसरीकडं लग्न झालं. मला आमंत्रण नव्हतं, असायचं कारणही नाही. आपली लेक कशातनं वाचली हे तिच्या बापाला ठाऊक नाही. कधी ठाऊक होऊही नये.

ज्यांच्या घरात असं पोर आहे त्यांना माझं सांगणं एवढंच आहे. समजलं नाही तर नका समजून घेऊ, रागवायचं तर रागवा, बोलणं बंद ठेवा. पण मांडव घालू नका. आणि जो माझ्यासारखा चोरून जगतोय आणि हे वाचतोय, त्यालाही सांगतो. तू बिघडलेला नाहीस. एकटाही नाहीस. लग्न करू नकोस. केलं असशील तर तिला खरं सांग. ती काय म्हणेल ते उभं राहून ऐक.

हे प्रकरण छापायला देण्याआधी मी मंडळींना वाचून दाखवलं. तिच्या परवानगीशिवाय ते छापायचा मला हक्क नव्हता. तिनं दोन ठिकाणं खोडायला लावली, ती खोडली. बैलाचं वाक्य मी आपण होऊनच खोडायला घेतलं होतं. ती म्हणाली, "ते ऱ्हाऊ द्या."